स्थानकाचे नाव आणि गावाचे भवितव्य

जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने मुंबईतील सात उपनगरी रेल्वे स्थानकांची नावे बदलण्याचा ठराव मंजूर केला. करी रोडचे लालबाग, सँडहर्स्ट रोडचे डोंगरी, मरीन लाइन्सचे मुंबादेवी, चर्नी रोडचे गिरगाव, कॉटन ग्रीनचे काळाचौकी, डॉकयार्ड रोडचे माझगाव आणि किंग्ज सर्कलचे तीर्थंकर पार्श्वनाथ अशी ही यादी आहे. रेल्वे स्थानकाच्या नामांतराला केंद्रीय गृहमंत्रालयाची संमती लागते. त्यामुळे विधिमंडळाचा ठराव ही या प्रवासाची पहिली पायरी होय. तथापि ठरावामागची भावना स्पष्ट होती. परकीय राजवटीच्या खुणा पुसाव्यात आणि त्यांच्या जागी इथल्या मातीची नावे यावीत, अशी ती भावना. ती समजण्यासारखी आहे, आणि तिची टिंगल करण्याचे कारण नाही.

या ठरावानंतर बरोबर एका वर्षाने, जुलै २०२५ मध्ये, गिरणी कामगार आणि त्यांचे वारस आझाद मैदानात जमले. गिरणीच्या जमिनीवर हक्काचे घर मागणाऱ्या या माणसांना कर्जत मार्गावरील शेलू आणि वांगणी येथे घरे देऊ करण्यात आली आहेत, आणि ती त्यांना नको आहेत. लालबाग-परळमध्ये ज्यांच्या दोन-तीन पिढ्या गेल्या, त्यांनी मुंबईच्या टोकापासून सुमारे ऐंशी किलोमीटरवर जावे, असे त्यांना सांगितले जात आहे. या दोन घटना शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे एक विचित्र चित्र उभे राहते. स्थानकाच्या फलकावर लालबाग येणार आणि लालबागचा माणूस वांगणीला जाणार! मग गावाचे नाव परत आणले म्हणून गाव परत आले, असे म्हणता येईल काय? या लेखाचा विषय हाच प्रश्न आहे.

नावांचे तीन प्रकार

मुंबईसारख्या बंदराच्या शहरात जागांची नावे सामान्यतः तीन प्रकारांनी पडलेली दिसतात. पहिला प्रकार राज्यकर्त्यांच्या नावांचा. ग्रँट रोड, रे रोड, सँडहर्स्ट रोड, एल्फिन्स्टन रोड ही गव्हर्नरांची नावे. किंग्ज सर्कल हे राजाचे. करी रोड हे नाव एका रेल्वे कंपनीच्या अधिकाऱ्याचे. ही नावे वरून आली. लोकांनी ती तिकिटाबरोबर स्वीकारली.

दुसरा प्रकार मूळ वस्तीच्या नावांचा. गिरगाव, माझगाव, परळ, वरळी, डोंगरी ही नावे इंग्रजांच्या आधीची किंवा त्यांच्या कागदपत्रांशी संबंध नसलेली. गोविंद नारायण यांनी १८६३ साली ‘मुंबईचे वर्णन’ प्रसिद्ध केले, किंवा आचार्य आणि शिंगणे यांनी १८८९ साली ‘मुंबईचा वृत्तांत’ लिहिला, तेव्हाही ही नावे जुनीच होती.

तिसरा प्रकार चरितार्थाच्या नावांचा. या प्रकाराकडे आपले लक्ष फारसे जात नाही. वस्तुतः अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला तोच सर्वांत मोलाचा वाटतो. कॉटन ग्रीन, डॉकयार्ड रोड, चर्नी रोड ही नावे कोणा साहेबाची नाहीत. कापूस, गोदी आणि गुरांची चराई यांची ती नावे आहेत. या शहराने पोट कशावर भरले, याची ती नोंदवही आहे.

विधिमंडळाच्या ठरावाने या पहिल्या आणि तिसऱ्या प्रकारांची एकत्र मोट बांधली. सँडहर्स्ट आणि कॉटन ग्रीन ही दोन्ही नावे इंग्रजी भाषेतली, म्हणून दोन्ही सारखीच परकी, असा हा हिशेब आहे. तो तपासून पाहिला पाहिजे.

कापसाचा प्रवास

कॉटन ग्रीनपासूनच आरंभ करू. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कापसाचा बाजार किल्ल्याच्या आत, टाउन हॉलसमोरच्या मोकळ्या मैदानावर भरत असे. गासड्यांचे ढीग, आगीची भीती आणि गर्दी यांमुळे १८४४ साली तो कुलाब्याला हलविण्यात आला. पुढे पोर्ट ट्रस्टने शिवडीच्या बाजूला भराव घालून नवी जमीन काढली आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत हा बाजार तेथे गेला. मैदान मागे राहिले, ‘ग्रीन’ हा शब्द मात्र कापसाबरोबर शिवडीपर्यंत चालत आला. म्हणजे आज ज्या स्थानकावर हे नाव आहे, त्याच्या पोटात शहराच्या तीन जागांचा आणि एका शतकाच्या व्यापाराचा इतिहास आहे.

आणि हा इतिहास केवळ मुंबईचाही नाही. वऱ्हाड-खानदेशातील शेतकऱ्याचा कापूस याच बाजारात येत होता. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली. पुढच्या काही वर्षांत लोहमार्ग घाट चढला आणि कापसाचे पठार बंदराला जोडले गेले. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस लँकेशायरला मिळेनासा झाला आणि मुंबईत पैशाचा पूर आला. भराव घालणाऱ्या कंपन्यांचे शेअर गगनाला भिडले. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळले आणि श्रीमंत घरे एका रात्रीत धुळीला मिळाली. १८६४ च्या शिरगणतीत शहराची लोकसंख्या सुमारे ८ लाख १६ हजार होती. १८७२ साली ती सुमारे ६ लाख ४४ हजार भरली. तेजीने आणलेली माणसे मंदीने परत पाठविली. जगाच्या दुसऱ्या टोकाला झालेल्या युद्धाने आपल्या शहराची वस्ती कशी भरती-ओहोटीसारखी हलविली, हे शिकविण्यासाठी कॉटन ग्रीन या दोन शब्दांहून चांगला धडा मला ठाऊक नाही.

काळाचौकी हे नाव वाईट आहे असे मुळीच नाही. ते त्या भागातील कामगार वस्तीचे, चळवळीचे नाव आहे. प्रश्न एवढाच, की ते नाव आणण्यासाठी कापसाचे नाव पुसण्याची आवश्यकता काय होती?

चराई, गोदी आणि धक्का

चर्नी रोडची गोष्ट याहूनही बोलकी आहे. शहरालगतच्या कुरणांवर सरकारने चराईपट्टी बसविली, गरिबांची गुरे कोंडवाड्यात जाऊ लागली. तेव्हा १८३८ साली जमशेटजी जीजीभॉय यांनी ठाकूरद्वाराजवळची जमीन वीस हजार रुपयांना विकत घेऊन गुरांना मोकळी करून दिली, अशी हकीकत सांगितली जाते. ‘चर्नी’ या नावाचा उगम तेथे दाखविला जातो. हे नाव इंग्रजी नव्हेच. ‘चरणे’ या आपल्या क्रियापदाचे ते रेल्वेच्या लिपीत गेलेले रूप आहे. शेटजींनी संपत्ती मिळविली ती चीनच्या व्यापारात, आणि त्या व्यापारात अफूही होती, हे विसरावयाचे नाही. परंतु सार्वजनिक कुरण खासगी पैशाने का विकत घ्यावे लागले, कर बसला कोणावर, सुटका झाली कोणाची, हे प्रश्न आजही शिळे झालेले नाहीत. ‘परकीय नाव’ म्हणून ज्याची बोळवण होते आहे, ते नाव असे आपल्याच गुराख्यांचे आहे.

डॉकयार्ड रोडचेही तसेच. माझगावचा जहाजबांधणीचा व्यवसाय जुना. पोर्ट ट्रस्टची स्थापना १८७३ ची, आणि त्यानंतर प्रिन्सेस, व्हिक्टोरिया आणि अलेक्झांड्रा या गोद्या एकामागून एक उभ्या राहिल्या. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाचा स्फोट झाला आणि शेकडो माणसे मेली. फेब्रुवारी १९४६ मध्ये नौदलाच्या खलाशांनी याच किनाऱ्यावर बंड केले आणि गिरण्यांतील कामगार त्यांच्या पाठिंब्यासाठी रस्त्यावर उतरले. ‘डॉकयार्ड’ हा शब्द ऐकला की माथाडी, खलाशी, रिव्हेट ठोकणारा कारागीर डोळ्यांसमोर येतो. स्थानकामागच्या टेकडीवरच्या उद्यानाला काका बॅप्टिस्टा यांचे नाव आहे. टिळकांचे हे सहकारी होमरूल चळवळीत होते, कामगारांच्या चळवळीत होते आणि १९२५ मध्ये शहराचे महापौर झाले. रोज त्या टेकडीच्या पायथ्याशी उतरणाऱ्या हजारो प्रवाशांपैकी किती जणांना ते ठाऊक असतील? फलकावरचे नाव बदलल्याने हे अज्ञान कमी होणार नाही.

याउलट एक उदाहरण पाहा. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य हे तोफखान्याच्या कारखान्यात नोकरी करणारे गृहस्थ. शहरातील केरकचरा आणि माती वापरून त्यांनी समुद्रात भराव घातला आणि कोकणच्या बोटींसाठी धक्का बांधला. सरकारी दप्तरात तो ‘फेरी व्हार्फ’. पुढे धक्क्याची जागाही बदलली. पण कोकणातल्या चाकरमान्यांनी तो शतकाहून अधिक काळ ‘भाऊचा धक्का’ म्हणूनच ओळखला. त्यासाठी कोणत्या सभागृहाने ठराव केला नव्हता. काळा घोडा हे दुसरे उदाहरण. सातव्या एडवर्डचा पुतळा १९६५ साली तेथून उचलून भायखळ्याच्या उद्यानात नेला. राजा गेला, घोडाही गेला, नाव मात्र राहिले. चर्चगेटचा दरवाजा तर किल्ल्याच्या तटाबरोबर १८६० नंतरच्या दशकातच पडला, तरी आपण रोज त्या दरवाज्याला उतरतो. नाव टिकते ते वापराने. आणि वापर टिकतो तो माणसे तेथे राहिली तर.

बदल योग्य असतो तेव्हा

म्हणून नामांतर सरसकट निषिद्ध मानावे, असे माझे म्हणणे नाही. राज्यकर्त्याचे नाव जावे आणि ज्याने त्या जागेसाठी काही केले त्याचे यावे, यात न्याय आहे. टाउन हॉलसमोरच्या त्याच मैदानाचे पाहा. कापूस गेल्यावर तेथे एल्फिन्स्टन सर्कल झाले. स्वातंत्र्यानंतर ते हॉर्निमन सर्कल झाले. बेंजामिन हॉर्निमन हे इंग्रजच. पण ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक या नात्याने त्यांनी सरकारविरुद्ध लेखणी चालविली आणि १९१९ साली त्यांना हद्दपार करण्यात आले. एका इंग्रजाचे नाव काढून दुसऱ्या इंग्रजाचे देताना त्या पिढीला संकोच वाटला नाही. कारण त्यांनी माणसाचा वंश पाहिला नाही, त्याची बाजू पाहिली. हा विवेक आज आपल्याजवळ आहे काय?

राणीच्या बागेतील व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाला १९७५ साली डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव मिळाले. संग्रहालयासाठी खटपट करणाऱ्यांत भाऊ दाजी अग्रभागी होते. नाव योग्य माणसाचे होते. तरीही नाव मिळाल्यानंतर कित्येक वर्षे ती वास्तू जीर्णच होती. नव्या शतकाच्या आरंभी तिच्या जीर्णोद्धारासाठी पैसा आणि परिश्रम खर्ची पडले आणि २००८ साली ती पुन्हा लोकांसाठी उघडली, तेव्हा खऱ्या अर्थाने भाऊ दाजींचे स्मारक झाले. फ्लोरा फाउंटनचे हुतात्मा चौक झाले ते तर रक्ताने. संयुक्त महाराष्ट्रासाठी शंभराहून अधिक माणसांनी प्राण दिले. १ मे १९६० रोजी राज्य आले आणि चौकाला नाव मिळाले. कारंजे काढून टाकण्याची मात्र कोणाला गरज वाटली नाही. ते तेथेच आहे, आणि शेजारी शेतकरी-कामगाराचे स्मारकही आहे. नवा अभिमान उभा करण्यासाठी जुना दगड फोडावा लागत नाही, हे त्या चौकाने दाखवून दिले आहे.

जगन्नाथ शंकरशेठ यांचे नाव मुंबई सेंट्रल स्थानकाला द्यावे, ही मागणी मला याच कारणाने रास्त वाटते. हिंदुस्थानात रेल्वे आणण्याच्या आरंभीच्या खटपटीत नाना होते; स्थानकाशी त्यांचा संबंध ओढूनताणून जोडलेला नाही. कसोटी असलीच तर ती ही: नव्या नावाचा त्या जागेशी काही संबंध आहे काय, आणि जुने नाव घालविताना आपण काय गमावतो?

स्वस्त आणि महाग

आता अर्थशास्त्राकडे वळू. नाव बदलणे स्वस्त असते. काही फलक, तिकिटांच्या यंत्रणेतील दुरुस्ती, वेळापत्रकाची नवी छपाई एवढाच त्याचा खर्च. त्याचे श्रेय तत्काळ मिळते, ते सर्वांना दिसते, आणि विरोध करणाऱ्याला देशद्रोही ठरविणे सोपे जाते. घर देणे, जुनी इमारत दुरुस्त करणे, पूल रुंद करणे महाग असते. त्याला वर्षे लागतात, त्यात हितसंबंध दुखावतात आणि श्रेय कदाचित पुढच्या सरकारला मिळते. स्वस्त आणि महाग यांत निवड करावयाची असेल तेव्हा राजकारण कोणती वस्तू उचलील, हे सांगण्यास पदवी लागत नाही.

एल्फिन्स्टन रोडचा अनुभव ताजा आहे. हे स्थानक गिरण्यांच्या परिसरातले. जोवर गिरण्या चालू होत्या तोवर कामगार चाळीतून पायी गिरणीत जात असे. स्थानकाच्या अरुंद जिन्यावर त्याचा भार नव्हता. गिरण्या बंद पडल्या, जमिनीवर कचेऱ्यांचे मनोरे उभे राहिले आणि विरार-कल्याणहून येणारा कारकून वर्ग त्याच जिन्यावर लोटला. जमिनीचा वापर बदलला, जिना बदलला नाही. २९ सप्टेंबर २०१७ रोजी त्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे गेली. स्थानकाचे नाव प्रभादेवी करण्याचा ठराव त्याआधीच मंजूर झालेला होता. फेब्रुवारी २०१८ मध्ये लष्कराने तेथे नवा पूल बांधून दिला आणि जुलै २०१८ मध्ये नाव बदलले. नावाचा ठराव आधी आणि पूल मागाहून, तोही माणसे मेल्यानंतर: हा अग्रक्रम आपल्या सार्वजनिक जीवनाचे खरे अंदाजपत्रक आहे.

डोंगरीचेही तेच. सँडहर्स्ट हे १८९५ ते १९०० या काळातील गव्हर्नर. १८९६ साली मांडवीत प्लेग आला, आणि दाट वस्तीत हवा-उजेड आणावा म्हणून १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. या ट्रस्टने रुंद रस्ते काढले. त्यासाठी गरिबांची घरे पाडली आणि पाडली त्या मानाने बांधली कमी. सँडहर्स्टचे नाव गेल्याने कोणाचे अश्रू येणार नाहीत. पण त्या ट्रस्टने सोडविण्यास घेतलेला प्रश्न सव्वाशे वर्षांनंतर तसाच आहे. भाडेनियंत्रणाने भाडी गोठली, मालकाने डागडुजी सोडली, भाडेकरूला दुसरीकडे जाणे परवडेना. १९६९ साली उपकरप्राप्त इमारतींची संख्या साडेएकोणीस हजारांच्या घरात होती. त्यांच्या दुरुस्तीसाठी मंडळ नेमले गेले. अर्धे शतक लोटल्यावर, जुलै २०१९ मध्ये, डोंगरीतच एक जुनी इमारत कोसळून दहाहून अधिक माणसे ढिगाऱ्याखाली मेली. स्थानकावर डोंगरी हे नाव लिहिणे सोपे. डोंगरीच्या भिंती उभ्या ठेवणे कठीण.

आणि लालबाग! १८५४ साली कावसजी दावर यांनी पहिल्या कापड गिरणीची कंपनी स्थापन केली. १८५६ साली ताडदेवला उत्पादन सुरू झाले. पुढे गिरणगाव नावाचे एक वेगळेच गाव उभे राहिले. सातारा, रत्नागिरी, पुणे जिल्ह्यांतील खेड्यांनी आपापल्या गावकीच्या खोल्या तेथे घेतल्या. एका खोलीत पाळ्यांनी वीस-पंचवीस माणसे झोपत. खानावळवाल्या बायांनी त्यांना जेवू घातले. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांना संघटित केले आणि १८९० साली आठवड्याची सुटी मिळवून दिली. आज कारकून, शिक्षक जो रविवार भोगतात, त्यावर लोखंड्यांची सही आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. त्या संपाचा अंत कोणी जाहीर केला नाही, गिरण्याच संपल्या.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमांनी ढोबळ मानाने असे ठरविले की गिरणीच्या जमिनीचा एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश सार्वजनिक घरांसाठी आणि उरलेला मालकासाठी. २००१ साली नियमात दुरुस्ती झाली आणि ही वाटणी केवळ रिकाम्या जमिनीपुरती उरली. बांधकामाखालची जमीन हिशेबातून निसटली. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती ग्राह्य धरली. एका नियमाच्या एका शब्दाच्या अर्थाने शेकडो कोटींची सार्वजनिक जमीन खासगी झाली. घरांसाठी अर्ज करणारे कामगार आणि वारस दीड लाखांहून अधिक. जून २०१२ च्या सोडतीत घरे होती ६,९२५. त्यानंतरही सोडती झाल्या, पण मागणीशी त्यांचे प्रमाण लहानच राहिले. शेलू आणि वांगणीचा प्रस्ताव या हिशेबाची शेवटची ओळ आहे.

या सर्व काळात गिरणगावात नावे बदलत होतीच, ठरावाविना. गिरणीच्या भोंग्याखालच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या मनोऱ्यांची नावे वाचा. ती लंडन-न्यूयॉर्कच्या पेठांतून उसनी आणलेली वाटतात. परळ-वरळीच्या सीमेवरच्या जागेला जाहिरातीत ‘अपर वरळी’ म्हणतात, कारण परळ म्हटले की चाळ आठवते आणि भाव उतरतो. स्थानकावरील करी साहेबाला हाकलणाऱ्या सभागृहाला या नव्या इंग्रजीविरुद्ध काही म्हणावेसे वाटले नाही. मेलेल्या साम्राज्याशी लढणे नेहमीच सोयीचे असते. जिवंत भांडवल उलट उत्तर देते.

काय करता येईल

टीका करून थांबणे योग्य नव्हे. चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. एक, राज्यकर्त्यांची नावे बदलावयाची असतील तर बदलावीत. पण कॉटन ग्रीन, डॉकयार्ड, चर्नी यांसारखी श्रमाची आणि व्यवसायाची नावे राखावीत, किंवा निदान जोडनावाने ठेवावीत. दोन, प्रत्येक स्थानकावर त्या जागेचा इतिहास मराठीत, स्वच्छ अक्षरात लिहिलेला कायम फलक असावा. जुने नाव का होते, नवे का आले, हे दोन्ही त्यावर असावे. पुसलेला इतिहास शिकविता येत नाही, लिहिलेला येतो. तीन, नामांतराच्या प्रत्येक ठरावासोबत त्या वस्तीचा ताळेबंद सभागृहापुढे यावा: धोकादायक इमारती किती, हक्काच्या घराची वाट पाहणारी कुटुंबे किती, पूल आणि जिने पुरेसे आहेत काय. ज्या दिवशी नावाचा ठराव, त्याच दिवशी या आकड्यांवर चर्चा. चार, गिरणीच्या ज्या जमिनी अद्याप सार्वजनिक मालकीच्या आहेत, त्यांवर त्याच भागातील कामगारांचा पहिला हक्क मान्य व्हावा. माणूस राहिला तर नाव राहील.

शिक्षक आणि विद्यार्थी यांनाही येथे काम आहे. स्थानिक इतिहास सरकारी दप्तरात थोडा आणि लोकांच्या घरात जास्त असतो. गावकीच्या खोल्यांच्या वह्या, जुन्या शाळांची पटावरील नोंद, गिरणीची हजेरीपत्रके, भाडेपावत्या, संपाच्या काळातील पत्रके ही कागदपत्रे झपाट्याने रद्दीत चालली आहेत. ज्यांनी संप पाहिला ते आज वृद्ध आहेत. एका शाळेने आपल्या भोवतालच्या चार गल्ल्यांची माहिती गोळा केली, नावे, धंदे, कोठून आले, कोठे गेले एवढे लिहून ठेवले, तरी तो कोणत्याही फलकापेक्षा टिकाऊ ठेवा होईल. ठराव करणाऱ्यांना प्रश्न विचारण्याचे बळही त्यातूनच येईल.

परक्यांनी दिलेले नाव सोसूनही गाव गाव म्हणून जगू शकते. करी रोडला उतरून लोक लालबागलाच जात होते, आणि गणेशोत्सवात सारा महाराष्ट्र तेथे येत होता. उलट, गावातली माणसे उठली आणि नाव तेवढे उरले, तर ते स्मशानावरच्या पाटीसारखे होईल. लालबाग हे नाव स्थानकावर अवश्य यावे. त्या स्थानकावर उतरून आपल्या घरी जाणारा लालबागचा माणूसही असावा, एवढीच अट आहे. आणि ती अट विधिमंडळाने स्वतःला घालून घेतली पाहिजे.